पुण्यासाठी ठेवलेले स्पीकर

गेल्या फेब्रुवारीतला दुसरा शुक्रवार, सकाळचे सव्वादहा. रक्कम एक हजार आठशे पन्नास रियाल, अकरा वर्षांपूर्वी दुकानात रोख मोजलेली. हजर माणसं दोन: शिडीवर मी आणि खाली शिडी धरून माझी पत्नी नीलिमा. दोह्यात ओल्ड एअरपोर्ट भागात आमचा भाड्याचा फ्लॅट आहे. त्याच्या बंदिस्त बाल्कनीतल्या वरच्या फळीवरून मी एक खोकं खाली उतरवत होतो. खोक्यावर जाड काळ्या पेनने, माझ्याच अक्षरात, 'पुणे' असं लिहिलेलं होतं.

हे खोकं अकरा वर्षांनी का काढावं लागलं, ते कळायला आधी माझं काम काय ते सांगतो. नातेवाइकांना ते अजून नीट कळलेलं नाही. माझा मेहुणा लोकांना सांगतो, "पाटकर कतारमध्ये स्पीकर लावतात." लावणारे वेगळे असतात. मी लावलेले नापास करतो.

हॉटेलात, ऑफिसांच्या उंच इमारतींत छताला गोल जाळीची झाकणं दिसतात. त्यामागे स्पीकर असतात. एरवी त्यांतून मंद संगीत चालू असतं. आग लागली तर त्यांतूनच अरबीत आणि इंग्रजीत सांगतात की लिफ्ट वापरू नका, जिन्याने खाली उतरा. हे सांगणं प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक कोपऱ्यात समजलं पाहिजे. नुसतं ऐकू येऊन उपयोग नाही, शब्द कळले पाहिजेत. ते कळतात की नाही, हे मी तेवीस वर्षं तपासतो आहे. इमारत रिकामी असताना मीटर घेऊन फिरायचं, एक ठराविक आवाज लावायचा आणि मीटरवरचा आकडा लिहायचा. आकडा शून्य ते एकच्या मधला असतो. साधारण अर्ध्याच्या वर गेला तर पास, खाली राहिला तर मी नावडता माणूस.

वेस्ट बेमधल्या एका हॉटेलची लॉबी आठवते. खाली संगमरवर, वर काच, मधे तीन मजल्यांची पोकळी. आकडा आला शून्य पूर्णांक अडतीस. उद्घाटन नऊ दिवसांवर होतं. क्लायंटचा मॅनेजर हात झटकून म्हणाला, "मिस्टर पाटकर, आवाज वाढवा. खलास!"

मी वाढवला. आकडा छत्तीस झाला.

तो माझ्याकडे असा बघायला लागला, की जणू मीटर मी घरून बिघडवून आणला आहे. त्याला मी जे सांगितलं, तेच माझ्या धंद्याचं सार आहे. अशा खोलीत आवाज वाढवला की त्याचा घुमाराही वाढतो. उपाय उलटा असतो. आवाज कमी करायचा आणि स्पीकर माणसाच्या जवळ आणायचा. आम्ही खांबांमध्ये बारा लहान स्पीकर बसवले, आवाज निम्म्यावर आणला. आकडा चोपन्न आला.

ते बाराही बसवले सलीमभाईंनी. हैदराबादचे हे गृहस्थ सोळा वर्षं माझ्या साइटवर शिडीवर असायचे. मॅनेजर निघून गेल्यावर वरूनच म्हणाले, "पाटकरसाब, ये लोगां कू चिल्लाना होना. समझना नक्को."

दुसरी गोष्ट एका कतारी गृहस्थांच्या घरची. त्यांच्या मजलिसमध्ये, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, त्यांचे वडील रोज संध्याकाळी बसत. वय ऐंशीच्या पुढे. त्यांना कुणाचंच बोलणं कळत नाही अशी मुलाची तक्रार होती. कानाची महागडी यंत्रं आणून झाली होती, ती म्हाताऱ्यांनी खणात टाकली होती. मुलगा मला म्हणाला, "वडील बहिरे झालेत. मोठे स्पीकर लावून द्या."

मी आधी वडिलांच्या खुर्चीपाशी मीटर धरला. तेहतीस. तिथे माझ्या तरण्या कानांनाही काही कळत नव्हतं. सहा मीटर उंच छत, चारी बाजूंनी दगड. आम्ही जाड पडदे लावायला सांगितले, गालिचे वाढवले आणि त्यांच्या खुर्चीच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे स्पीकर ठेवले. मुलगा मायक्रोफोनवर मोठ्याने काहीतरी बोलला. म्हातारे चिडून अरबीत म्हणाले, "ओरडतोस कशाला? मी बहिरा नाही."

मी मुलाला सांगितलं, "वडिलांचे कान चांगले आहेत, खोली वाईट आहे." त्यांनी मला खजुराचे पाच डबे दिले.

हा किस्सा मी इथल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक जेवणात सांगितला आहे. नीलिमाला तो इतका पाठ आहे, की मी 'तेहतीस' म्हटलं की ती भात वाढायला उठते. तरीही माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या बाबतीत, मी मीटर काढला नाही.

नीलिमा नाशिकला शाळेत मराठी शिकवायची. इथे आल्यावर ते सुटलं. गेली सात वर्षं ती पुण्यातल्या एका संस्थेसाठी विनामूल्य काम करते. अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं आवाजात रेकॉर्ड करणारी ही संस्था आहे. वाचणारे लोक आपापल्या घरी बसून वाचतात. त्यांचं वाचन विद्यार्थ्यांकडे जाण्याआधी कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं लागतं. ते नीलिमा ऐकते आणि यादी करते. 'एकोणीस मिनिटं चार सेकंद, कुकरची शिट्टी.' 'सव्वीस मिनिटं, ओळ गाळली.' सात वर्षांत तिच्या हातून सुटलेल्या चुका बोटांवर मोजाव्यात इतक्या. संस्थेच्या सुमनताई नवीन लोकांना तिच्या याद्या नमुना म्हणून दाखवतात. घरात माझे आकडे आणि तिच्या याद्या यांत कडक कोण, यावर आमचं एकमत आहे. ती.

गेल्या वर्षी तिच्या कानांच्या आतल्या त्वचेला त्रास सुरू झाला. डॉक्टरांनी औषध दिलं आणि हेडफोन बंद करायला सांगितले. तेव्हापासून ती टेबलावरच्या स्पीकरवर ऐकायला लागली. लिंबाएवढं तोंड असलेले दोन प्लॅस्टिकचे स्पीकर. पस्तीस रियालची जोडी, 'तात्पुरती' म्हणून मीच आणलेली, आठ वर्षांपूर्वी.

जानेवारीत सुमनताईंचा फोन आला. फोन स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकला.

"नीलिमा, अगं भूगोलाच्या तीन धड्यांत मागे सारखी घरघर आहे. मुलांनी कळवलं. तुला नाही का जाणवली?"

"नाही हो ताई. पुन्हा ऐकते."

तिने तिन्ही धडे तीनदा ऐकले. मग मला बोलावलं. "अहो, तुम्ही ऐका बरं. तुमचा तर धंदाच आहे."

मी तिच्या खुर्चीत बसून ऐकलं. साताऱ्याचे एक निवृत्त बँक अधिकारी नद्यांबद्दल स्वच्छ वाचत होते. घरघर कुठेच नव्हती.

"मलाही नाही येत ऐकू," मी म्हणालो. "आता वय झालं आपलं. होणारच."

हे वाक्य मी चहाचा कप उचलता उचलता बोललो.  दोन दिवसांनी तिने मला एक ईमेल वाचायला दिला. सुमनताईंना लिहिलेला. 'कान पूर्वीसारखे राहिले नाहीत. माझ्यामुळे मुलांना सदोष धडा मिळावा हे मला चालणार नाही. हातातले चार धडे संपवून थांबते.' एवढंच.

"पाठवलास?"

"चार धडे झाले की पाठवेन. भाषा बरी आहे ना?"

तिने माझ्याकडून कधी भाषा तपासून घेतलेली नाही. त्यावरून मला कळायला हवं होतं, की तिला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. मी म्हणालो, "बरी आहे."

पुढच्या सोमवारी मला हमद पोर्टला एका इमारतीच्या तपासणीला जायचं होतं. जाताना मनात काय आलं कोण जाणे, मी तो नद्यांचा धडा पेनड्राइव्हवर घेतला आणि गाडीत लावला. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली आणि माझ्या डाव्या गुडघ्याला दार थरथरताना जाणवलं. साताऱ्याचे गृहस्थ गोदावरीचा उगम सांगत होते आणि त्यांच्या खाली, सतत, जाडजूड अशी घरघर चालली होती. मागून हॉर्न वाजले. सिग्नल हिरवा झालेला मला दिसला नव्हता.

हा आवाज मी हजारदा ऐकला आहे. विजेच्या वायरीतून मायक्रोफोनमध्ये शिरतो. फार खालचा, खर्जातला असतो. गाडीच्या दारातले ताटलीएवढे स्पीकर तो काढतात, आमचे ते लिंबाएवढे स्पीकर हा आवाज काढूच शकत नाहीत. टेबल टेनिसच्या बॅटने विहीर ढवळायला गेल्यासारखं ते आहे. हेडफोनमध्येही तो येतो, आणि मुलं हेडफोन लावून ऐकतात, म्हणून त्यांना ऐकू आला. वर्षापूर्वीसारखे नीलिमाच्या कानांवर हेडफोन असते, तर तिने पहिल्या मिनिटाला यादीत लिहिला असता. तिचे कान बिघडले नव्हते. जो आवाज खोलीत आलाच नव्हता, तो ऐकू येत नाही म्हणून ती काम सोडत होती, आणि मी, तेवीस वर्षं हेच शोधून पगार घेणारा माणूस, 'वय झालं' म्हणून मोकळा झालो होतो.

मी फोन लावला.

"नीलिमा, तुझे कान ठीक आहेत!"

"गाडी चालवताय ना? मग आधी बाजूला घ्या."

मी गाडी बाजूला घेतली. पुन्हा फोन केला. सगळं सांगितलं. 

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"मी कधी कुणाला बरं वाटावं म्हणून आकडा दिलाय?"

"तेही खरंच," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी मी तिला टेबलापाशी बसवलं आणि संगणकावरून एकेक सूर लावला, उंच सुरापासून खर्जाकडे; सूर जितका खालचा, तितका त्याचा हर्ट्झचा आकडा लहान. ऐकू आला की हात वर कर, असं सांगितलं. दोनशेपर्यंत हात वर. दीडशेला अर्धवट. सव्वाशेच्या खाली हात मांडीवर. मी म्हणालो, "माझाही हात मांडीवरच आहे. आता चल." तिला खाली पार्किंगमध्ये नेलं, गाडीत बसवलं आणि तेच सूर लावले. शंभर, ऐंशी, साठ, पन्नास. तिचा हात प्रत्येक वेळी वर. मग नद्यांचा धडा लावला.

"अगंबाई! ही घरघर? ही तर गिरणी आहे!"

पुढचे चार दिवस नीलिमाने उरलेले चार धडे पार्किंगमध्ये गाडीत बसून तपासले. मांडीवर वही, डोळ्यांवर चष्मा, काचा बंद. तिसऱ्या दिवशी इमारतीच्या वॉचमनने हळूच विचारलं, "मॅडम, घर में सब ठीक है ना? साहब से कुछ हुआ क्या?"

पण उन्हाळ्यात इथे कुणी गाडीत बसून भूगोल तपासू शकत नाही. टेबलावर चांगले स्पीकर हवे होते. मी नवे बघायला लागलो, तर ती म्हणाली, "नवे कशाला? आपले आहेत ना, पुण्याचे."

इथे बाहेरच्या वाचकांना एक पद्धत सांगायला हवी. आखातात राहणारं कुठलंही मराठी घर 'पुढच्या वर्षी' परत जाणार असतं. आम्ही गेली सतरा वर्षं पुढच्या वर्षी जाणार आहोत. त्यामुळे रोजच्या वापराला लागतं ते स्वस्त, तात्पुरतं घ्यायचं आणि चांगली वस्तू मिळाली की ती बांधून, नाव घालून वर ठेवायची. आमच्या बाल्कनीत 'पुणे' लिहिलेली सहा खोकी होती. बत्तीस नगांचा डिनर सेट. गालिचा. पितळी दिवे. मिक्सर. तांब्याचा बंब. आणि माझे स्पीकर. बाणेरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सध्या तिसरा भाडेकरू राहतो आहे.

ते स्पीकर मी एका मोठ्या प्रकल्पाच्या बोनसमधून घेतले होते. बुकशेल्फ स्पीकर म्हणतात त्यांना. जाड शब्दकोशाएवढी लाकडी पेटी, तिच्यात वरच्या आवाजासाठी एक लहान आणि खालच्या आवाजासाठी एक मोठा स्पीकर. दुकानात चाळीस मिनिटं ऐकून घेतले. घरी आणले, खोकं उघडलंसुद्धा नाही, पेन शोधला.

तर, फेब्रुवारीतला तो शुक्रवार. खोकं खाली आलं. नीलिमाने कात्रीने पट्टी कापली. पेटीचं लाकूड नव्यासारखं चकचकीत. मी समोरची जाळी काढली आणि मोठ्या स्पीकरच्या कडेला बोट लावलं. तिथे काळ्या फोमची एक गोल पट्टी असते, तिच्या आधाराने आवाज काढणारा कागदी पडदा पुढेमागे हलतो. पट्टी बोटाला चिकटली आणि चुरा होऊन खाली पडली. दुसऱ्याचंही तेच. बंद बाल्कनी, अकरा उन्हाळे. हा फोम उष्णतेने विरतो, हे मी साइटवरच्या पोरांना शिकवलेलं आहे.

आम्ही दोघं फरशीवर बसलो होतो. तिने माझं काळं बोट पाहिलं.

"म्हणजे आपण हे अकरा वर्षं जपून खराब केले," ती म्हणाली. आणि मग, रागावण्याऐवजी, ती इतकी हसली की चष्मा काढावा लागला.

सलीमभाई आता कंपनीतून निवृत्त झाले आहेत. नजमा भागात त्यांच्या मेव्हण्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे बसतात. मी दोन्ही पेट्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी आधी पेट्या पाहिल्या, मग मला.

"साब, माल नया, रोग पुराना. बजाये कित्ते दिन?"

"एकदाही नाही."

"कायकू?"

"पुण्यासाठी ठेवले होते."

ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. चिमट्याने फोमचा चुरा काढत राहिले. मग म्हणाले, "मेरे पास झुंबर है. कांच का. चौदा साल से पलंग के नीचे. हैदराबाद का घर बनेगा तो दीवानखाने में लगाएंगे बोलके. घर का तो अभी छतईच नहीं पड़ा."

फोमच्या नव्या कडा मागवायला सहा दिवस लागले. सलीमभाईंनी जुना गोंद खरवडला, नवी कड चिकटवली, एक रात्र सुकू दिली. मधल्या काळात मी दोनशे चाळीस रियालचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घेतला, कारण या पेट्या त्याच्याशिवाय वाजत नाहीत.

मग टेबल. ते मी एखाद्या टॉवरसारखं गंभीरपणे घेतलं. स्पीकर भिंतीपासून वीतभर पुढे. दोघांमधलं अंतर ऐंशी सेंटिमीटर, नीलिमाच्या डोक्यापासून प्रत्येकाचं अंतरही ऐंशी. उंची तिच्या कानांएवढी हवी होती, म्हणून प्रत्येक पेटीखाली माझ्या जुन्या तपासणी अहवालांचे दोन दोन बांधलेले खंड ठेवले. त्या अहवालांचा घरात झालेला हा पहिला उपयोग. फरशी उघडी होती, तर नीलिमा गेली आणि 'पुणे' खोक्यातला गालिचा घेऊन आली. मी काही म्हणायच्या आत तिने तो अंथरलाही होता.

तिने नद्यांचा धडा लावला. घरघर लगेच आली, तिने मान हलवली. पण ती ऐकतच राहिली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी मागे उभा होतो. मध्येच तिने थांबवून मागे नेलं.

"ऐकलंत? कपबशी ठेवली कुणीतरी."

मी ऐकलं. साताऱ्याच्या घरात, वाचणाऱ्या गृहस्थांच्या डाव्या हाताला, कुणीतरी अगदी जपून कपबशी ठेवली होती. त्यानंतर त्यांचं वाचन थोडं सैल, थोडं खुशीतलं झालं होतं.

"वर्षभर मी यांना ऐकतेय," नीलिमा म्हणाली, "आणि यांना मधे चहा मिळतो हे आज कळलं." तिने यादीत लिहिलं: 'चौदा मिनिटं बावीस सेकंद. चहा आला. राहू द्यावं.'

रात्री जेवण झाल्यावर तिने तो ईमेल काढला, पहिल्या ओळीपासून वाचला आणि पुसून टाकला. मग मला म्हणाली, "ते 'वय झालं' तुम्ही कुठल्या मीटरवर मोजलं होतं?"

"नव्हतं मोजलं."

"मग शुक्रवारी माझ्याबरोबर बसायचं. आठवीचा भूगोल, पंधरा धडे. तुम्ही ऐकायचं, मी यादी तपासणार." मला आतापर्यंत तिने दोनदा नापास केलं आहे. एकदा वाचणाऱ्याची एक शिंक माझ्या यादीतून सुटली होती.

सलीमभाईंचे पैसे द्यायला गेलो तर ते म्हणाले, "फोम का दे दो. बाकी नक्को. जुमे कू भाभी कू लेके घर आओ, सीढ़ी पकड़ना है."

त्यांचं घर म्हणजे दोन लहान खोल्या. छत मी हात वर केला तर लागेल एवढं. तरीही झुंबर पलंगाखालून निघालं, सलीमभाईंच्या पत्नीने एकेक लोलक ओल्या फडक्याने पुसला, मी शिडी धरली आणि सलीमभाईंनी सोळा वर्षांच्या सफाईने ते टांगलं. दिवाणखान्यासाठी केलेलं झुंबर त्या खोलीत माणसाच्या कपाळापर्यंत आलं. दिवा लावला तेव्हा भिंतींवर सगळीकडे उजेडाचे ठिपके पडले. खोली ओलांडायची तर वाकावं लागत होतं. त्यावर सलीमभाईंचं उत्तर तयार होतं: "दीवानखाना है साब. झुक के आना."

नीलिमा आतल्या खोलीत वहिनींशी बोलत बसली होती. दार ओढलेलं, कुकर चालू, वहिनींचा आवाज चांगलाच मोठा. मी पाकीट काढलं, सलीमभाईंच्या हातात फोमचे पंच्याण्णव रियाल ठेवले, आणि पाकीट खिशात घालत सरळ उभा राहिलो. एक लोलक कपाळाला लागला. अगदी बारीक, किण्ण असा आवाज झाला.

"अहो," आतून नीलिमा म्हणाली, "आपटलात ना?"